आधी वाडीला दाखवा

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभी राहिलेली माणसेच जास्त दिसतात. हातात फोन, फोनच्या पडद्यात आपला चेहरा आणि मागे मावळता सूर्य. यातल्या बहुतेकांना ती रील घरच्यांना आणि मित्रांना पाठवायची असते, त्यात काही वावगे नाही. पण त्या गर्दीत चार-दोन जण असेही असतात की ज्यांनी हे काम म्हणून पत्करले आहे. चॅनेल काढले आहे, त्याला नाव दिले आहे, दर आठवड्याला काहीतरी टाकायचे असा नेम केला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात असा मुलगा किंवा मुलगी नसलेले गाव आता शोधावे लागेल. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कोणता माइक घ्यावा, कोणत्या ॲपवर कापाकापी करावी, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते. त्यांना अडवतो तो प्रश्न वेगळा असतो. पहिला उत्साह ओसरला, तीस-चाळीस व्हिडिओ टाकून झाले, घरचे विचारू लागले, की पुढचा व्हिडिओ करायचा तरी कशासाठी? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: लोकांना आवडते तसेच करत गेलो तर त्यात माझे काय उरते?

दोन्ही प्रश्न फोनच्या आधीचे आहेत. गणपतीपुळ्याच्या शेजारीच मालगुंड आहे. तिथे 1866 साली कृष्णाजी केशव दामले जन्मले, म्हणजे आपले केशवसुत. पोटासाठी शिक्षकाची नोकरी, ती कधी मुंबईत, कधी खानदेशात, शेवटी धारवाडला. लिहिलेल्या कविता जेमतेम 135 च्या आसपास. त्या मासिकांतून छापून येत. हयातीत एकही संग्रह निघाला नाही. 7 नोव्हेंबर 1905 रोजी, वयाची चाळिशी गाठण्याआधी, हुबळीला प्लेगने ते गेले. हरि नारायण आपट्यांनी त्यांच्या कवितांचे पुस्तक काढले ते त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. आज ज्यांना आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो, त्यांना आपल्या कविता किती जणांनी वाचल्या याचा आकडा कधी समजलाच नाही. तरी त्यांनी सुनीत मराठीत आणले, ‘तुतारी’ लिहिली, जुन्या वळणाची कविता सोडून स्वतःचे वळण धरले. त्यांच्या जन्मघरी कोकण मराठी साहित्य परिषदेने 1994 मध्ये स्मारक उभे केले आहे. पुळ्याला येणाऱ्या प्रत्येक कंटेंट करणाऱ्याने तिथे अर्धा तास काढावा असे मला मनापासून वाटते. चित्रीकरणासाठी नव्हे, नुसते बघायला.

दुसरे उदाहरण अधिक कडवे आहे. दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. संततिनियमनाचा उघड प्रचार केला म्हणून 1925 मध्ये त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, चालवले. वाचक थोडे, पैसा त्याहून थोडा, वर अश्लीलतेचे खटले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. ते खटला हरले, दंड झाला, आणि मासिकाचा पुढचा अंक निघाला. लैंगिक आरोग्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना कर्वे मासिकातून उत्तरे देत. मला वाटते, त्यांच्या टिकण्याचे मर्म तिथे आहे. समोर एक माणूस आहे, त्याची अडचण खरी आहे, आणि ती विचारायला त्याला दुसरी जागा नाही, हे त्यांना ठाऊक होते.

केशवसुतांना किंवा कर्व्यांना प्रतिसाद नको होता असे मात्र कोणी समजू नये. प्रतिसाद नको असलेला माणूस छापायला देत नाही. त्यांना वाचक हवे होते, पण वाचकांच्या संख्येवर त्यांनी मजकूर बेतला नाही. आजच्या मुलांना ते अवघड जाते, आणि का जाते याची कारणे त्यांच्या स्वभावात कमी आणि यंत्रणेत जास्त आहेत. ती यंत्रणा नीट समजून घेतली तर निम्मा त्रास कमी होतो.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. 29 जून 2020 रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. हाच काळ टाळेबंदीचा. मुंबईचे चाकरमानी कुटुंबांसकट गावी परतलेले, हाताला काम नाही, आणि घराबाहेर पाऊस, शेत, चूल, खाडी सगळे साक्षात. कोकणातल्या कितीतरी चॅनेलांचा जन्म या काही महिन्यांतला आहे. बघणारेही तयार होते: डोंबिवली-विरारच्या खोलीत अडकलेला, गावाकडे जाऊ न शकलेला माणूस दुसऱ्याच्या अंगणातला पाऊस बघून घेत होता.

मग आल्या अटी. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायला 1,000 सबस्क्रायबर लागतात आणि त्यांच्या जोडीला वर्षभरात लोकांनी 4,000 तास व्हिडिओ बघितलेले असावे लागतात, नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज. त्यानंतर जाहिरातीच्या उत्पन्नातला लांब व्हिडिओंसाठी 55 टक्के आणि शॉर्ट्ससाठी 45 टक्के वाटा तुमचा. 2012 पर्यंत यूट्यूब प्रामुख्याने क्लिक मोजत होते. त्या वर्षी त्यांनी किती वेळ पाहिले याला वजन दिले, आणि तेव्हापासून बघणाऱ्याला धरून ठेवणे हा व्हिडिओ करणाऱ्याचा धंदा झाला. नवा व्हिडिओ आधी थोड्या लोकांपुढे ठेवला जातो. त्यांनी थंबनेलवर बोट ठेवले, पुढे बघत राहिले, तर तो आणखी लोकांपुढे जातो. यात तुमच्यावर कोणाचा राग नसतो की लोभ नसतो. आज एक गोष्ट चालली आणि उद्या तशीच दुसरी चालली नाही, याचे कारण कित्येकदा कंपनीतल्या माणसालाही सांगता येणार नाही.

त्रास इथूनच सुरू होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते की दर ठरावीक टोच्यांनंतर दाणा मिळाला तर कबुतर दाणा टिपून थोडे थांबते. पण दाणा कधी चार टोच्यांनी, कधी चाळीस टोच्यांनी, असा बेभरवशी मिळाला तर ते न थांबता टोचत राहते आणि दाणा बंद झाल्यावरही बराच काळ सोडत नाही. भाट्याच्या खाडीत गळ टाकून बसणाऱ्याला हे समजावून सांगायला नको: मघाशी एक मोठा तांबोसा लागला होता, म्हणून तो अंधार पडला तरी उठत नाही. व्हिडिओ टाकल्यावर दर पाच मिनिटांनी फोन उघडून आकडा बघणाऱ्या मुलाची इच्छाशक्ती कमी नसते. बेभरवशाच्या बक्षिसाने कोणाचेही हेच होते.

याहून महत्त्वाचा एक प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला आणि 1973 मध्ये प्रसिद्ध केला. चित्रे काढायला मुळातच आवडणारी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर ते दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने पुन्हा ठेवली, आता बक्षिसाचा विषय नव्हता. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिले होते ती मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत बसली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत राहिली होती. म्हणजे बक्षिसाने काही बिघडले नव्हते. आपण हे बक्षिसासाठी करतो, अशी समजूत मनात शिरली तिने बिघडवले होते.

मोठ्या माणसांतही हेच दिसते. टेरेसा अमाबिले यांच्या 1985 च्या अभ्यासात लेखनाची सवय असलेली 72 माणसे होती. प्रत्येकाने आधी एक छोटी कविता लिहिली. मग एका गटाला लिहिण्याची आतली कारणे, जसे शब्दांशी खेळण्याचा आनंद, नीट सुचल्याचे समाधान, क्रमाने लावायला दिली. दुसऱ्या गटाला बाहेरची: शिक्षकांवर छाप पडेल, चांगली नोकरी मिळेल, पुस्तक खपून पैसा होईल. तिसऱ्या गटाला यातले काही नाही. पुन्हा एक कविता लिहून घेतली आणि कोणी कोणत्या गटातले हे न सांगता कवींकडून तपासून घेतली. बाहेरच्या कारणांचा विचार केलेल्यांची दुसरी कविता उतरली होती. काही मिनिटांच्या विचाराने एवढे होत असेल, तर दिवसरात्र आकडेच बघणाऱ्याच्या कामाचे काय होत असेल?

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी व्यवहारी आहे. व्हिडिओ टाकला की दोन दिवस आकडे बघू नका. आठवड्यातून एक वेळ ठरवा आणि त्या वेळी नीट, कागद घेऊन बघा. लोक कुठे सोडून गेले हा आलेख कामाचा असतो, कारण तुम्ही कुठे लांबण लावलीत ते त्यातून कळते. एकूण व्ह्यूजचा आकडा शिकवत काहीच नाही. कॉमेंटमध्ये कोणी चूक दाखवली, कोणी जास्तीची माहिती विचारली, तर ती वहीत उतरवून ठेवा. पुढच्या व्हिडिओचा विषय बहुधा तिथेच मिळतो. आणि जमेपर्यंत पोटाचा उद्योग वेगळा ठेवा. बाग, होडी, दुकान, नोकरी, जे असेल ते. पैसे मिळवण्यात लाज नाही, पण ज्या चॅनेलवर महिन्याचे वाणसामान अवलंबून आहे त्यावर मनासारखे काही करून बघण्याची हिंमत राहत नाही. केशवसुतांची कविता मोकळी राहिली, त्यात त्यांच्या मास्तरकीच्या पगाराचाही वाटा असणार.

आता खरेपणाविषयी. या शब्दाचा हल्ली फार सोपा अर्थ लावला जातो: मेकअप नको, घर आवरायला नको, रडू आले तर कॅमेरा चालू ठेवा, म्हणजे झाले खरे. मला हे पटत नाही. कॅमेरा समोर आला की माणूस थोडा वेगळा होतोच, आणि त्यात खोटे काही नाही. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1956 मध्ये माणसाच्या रोजच्या वागण्यावर एक गाजलेले पुस्तक लिहिले. त्याचे मूळ स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवर त्याने केलेल्या निरीक्षणात आहे. बेटावर शेतकरी राहत आणि एक लहानसे हॉटेल होते. पाहुण्यांसमोर वाढताना हॉटेलातली माणसे वेगळी वागत, स्वयंपाकघराच्या दाराआड वेगळी. गॉफमनने याला रंगमंच आणि पडद्यामागची जागा अशी नावे दिली आणि म्हटले की प्रत्येक माणूस या दोन्हींत सतत ये-जा करतो. घरी पर्यटक उतरवणाऱ्या गुहागर-दापोलीच्या कोणत्याही वहिनींना हे पुस्तक न वाचता माहीत आहे. पाहुण्यांना वाढलेले उकडीचे मोदक खोटे नसतात आणि मागच्या पडवीत रात्रीची पेज खाणेही खोटे नसते.

तेव्हा खोटे कुठे सुरू होते? माझ्या मते, जे तुमच्या वाडीतल्या माणसाला दाखवायला तुम्ही कचराल, तिथे. समजा, तुम्ही भातलावणीचा व्हिडिओ केला. ज्या काकीने चाळीस पावसाळे लावणी केली तिच्या हातात फोन देऊन तो दाखवा. ती म्हणाली, “अरे, रोप असं कुठं धरतात?” तर त्या व्हिडिओत काहीतरी बनावट आहे, लाखभर लोकांनी तो पाहिला तरी. ती शेवटपर्यंत बघत राहिली, मध्येच म्हणाली की आमच्या खालच्या शेतात पाणी जास्त म्हणून आम्ही जरा उशिरा लावायचो, तर तुम्ही खरे केले आणि वर पुढच्या व्हिडिओचा विषयही मिळवला. शहरातल्या प्रेक्षकाला फसवता येते, कारण त्याच्याकडे पडताळा नाही. वाडीला येत नाही.

भाषेलाही हीच कसोटी लावून बघा. घरात संगमेश्वरी बोलणारा मुलगा कॅमेरा सुरू झाला की पुस्तकी मराठीत शिरतो, दर वाक्याला ‘मित्रांनो’ घालतो, आणि त्याचा आवाजच बदलतो. हे एक टोक. दुसरे टोक जास्त वाईट: हशा मिळतो म्हणून बोली मुद्दाम ताणायची, आजीच्या तोंडी ती कधी बोलली नसती अशी वाक्ये घालायची. बोलीला हसे करून मिळवलेले व्ह्यूज गावाच्या खर्चाने मिळवलेले असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे ‘आपली आजी’ चॅनेलच्या आजी, 2020 मध्ये नातवाच्या मदतीने कॅमेऱ्यासमोर आल्या तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. कॅमेऱ्याची त्यांना सवय नव्हती. लोकांनी त्यांना उचलून धरले, कारण चुलीपुढे नातवाला सांगावे तसेच त्या सगळ्या महाराष्ट्राला सांगत होत्या.

आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात शिरीष आणि पूजा गवस यांचे ‘रेड सॉइल स्टोरीज’ पाहा. मुंबई सोडून गावी परतलेल्या या जोडप्याने पेरणीपासून पानात वाढण्यापर्यंतचा प्रवास घाई न करता दाखवला. सगळे जग पंधरा सेकंदांच्या रीलकडे धावत असताना त्यांनी भाजी उगवायला लागतो तो वेळ व्हिडिओतही दिसू दिला. शिरीष यांचे 2025 मध्ये अकाली निधन झाले, आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते अशा असंख्य मराठी माणसांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. ‘कोकणी रानमाणूस’ या नावाने काम करणाऱ्या प्रसाद गावडे यांची वाट वेगळी. ते निसर्ग दाखवतात आणि तो ओरबाडणाऱ्या खाणींविरुद्ध, बेलगाम पर्यटनाविरुद्ध उघड बोलतात. एवढे ठामपणे बोलायचे तर काही प्रेक्षक आणि काही जाहिराती सोडाव्या लागतात, हे कोणालाही कळेल.

जिद्दीचा सर्वांत मोठा धडा मात्र मला रत्नागिरीच्या कातळशिल्पांच्या शोधात दिसतो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी जिल्ह्यातले सडे पायी तुडवत हिंडले. गावातल्या म्हाताऱ्यांना, गुराख्यांना विचारत, माती-गवताखाली बुजलेल्या जांभ्यावरच्या रेघा शोधत गेले. हत्ती, गवे, मासे, पक्षी, माणसे, आणि ज्यांचा अर्थ अजून कोणालाच लागलेला नाही अशा आकृती. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. ही कला हजारो वर्षांपूर्वीची. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यातल्या नऊ स्थळांपैकी उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. या माणसांना उन्हातल्या त्या पायपिटीसाठी कोणी लाइक देत नव्हते. पुढच्या सड्यावर काय सापडेल ही ओढच त्यांना चालवत होती. ज्याच्या विषयातच अशी ओढ आहे त्याला बाहेरून प्रेरणा आणावी लागत नाही. म्हणून चॅनेल काढण्याआधी स्वतःला एक विचारा: कॅमेरा बंद पडला तरी मी इथे पुन्हा येईन का? येईन असे उत्तर असेल तर तो विषय तुमचा.

विषय एकदा तुमचा झाला की वर्षाचे वेळापत्रक कोकण स्वतःच देते. ‘रोज काहीतरी टाका’ हा सल्ला शहरातल्या स्टुडिओतून आलेला आहे. आपल्याकडे जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, तेव्हा मिरकरवाड्याला जाळी विणणारी माणसे आणि डागडुजीला काढलेल्या होड्या दिसतात. बंदराचा हा काळ फार कमी जण टिपतात. मग नारळी पौर्णिमा, गणपतीतली भजने आणि जाखडी. ऑक्टोबरात भातकापणी. थंडी पडली की आंब्याला मोहर, त्यावर तुडतुडे आणि फुलकिडे, अवकाळी पावसाची भीती. शिमग्याला पालख्या आणि नमन. एप्रिल-मेमध्ये आंबा, करवंदे, फणसपोळी, रातांब्यांची आमसुले आणि आगळ. यातले प्रत्येक काम दरवर्षी येते, म्हणून दुसऱ्या वर्षी तोच विषय करायला मुले लाजतात. लाजू नये. पहिल्या वर्षी तुम्ही मोहर दाखवता. दुसऱ्या वर्षी, गेल्या सालापेक्षा तो तीन आठवडे उशिरा का आला हे विचारता. पाचव्या वर्षी तुमच्याकडे पाच हंगामांची नोंद असते आणि एखादा बागायतदार तुमच्याकडे येऊन विचारतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी टिकाऊ प्रेरणेच्या तीन गरजा सांगितल्या आहेत: आपले आपण ठरवण्याची मोकळीक, आपल्याला अधिकाधिक जमते आहे ही जाणीव, आणि माणसांशी जोडलेपण. एकाच विषयाकडे वर्षानुवर्षे परतणाऱ्याला यातली दुसरी आपोआप मिळते. रोज नवा ट्रेंड पकडणारा प्रत्येक वेळी नवशिकाच राहतो.

थांबण्याचेही नियोजन असावे. टॉम स्कॉट हा ब्रिटिश यूट्यूबर दहा वर्षे दर आठवड्याला एक माहितीपर व्हिडिओ टाकत होता. 1 जानेवारी 2024 रोजी, दहा वर्षे पूर्ण झाल्यावर, लाखो प्रेक्षक असतानाही त्याने तो नेम संपवला. लावणीच्या दिवसांत घरच्या शेतात हात लावायचा असेल तर चॅनेल महिनाभर बंद ठेवा आणि तसे प्रेक्षकांना सांगा. घरचे काम टाकून शेतीचा व्हिडिओ करण्यात काय अर्थ आहे?

पैशाच्या बाबतीत खरेपणाची परीक्षा दर मे महिन्यात होते. हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. तरी बाहेरचा, विशेषतः कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून कोणी पुण्यात किंवा ठाण्यात पेटी मागवत असेल, तर बाग कोणाची, गाव कोणते, आंबा कधी उतरवला हे सांगणे तुमचे काम आहे. पैसे घेऊन कोणाची वस्तू दाखवत असाल तर तेही स्पष्ट सांगावे लागते. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये तसे नियम जाहीर केले आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाचे एक वेळ राहू द्या. एका नासक्या पेटीने गावातल्या दहा प्रामाणिक बागायतदारांचे गिऱ्हाईक तुटते, हे जास्त लागायला हवे.

आणखी एक जबाबदारी आपल्या जिल्ह्यात विशेष आहे, कारण आपण जे दाखवतो ते नाजूक आहे. मंडणगड तालुक्यात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने राखली. समुद्राकडे निघालेली पिल्ले उजेडाने भरकटतात. एका चांगल्या शॉटसाठी लावलेला फोनचा टॉर्च त्यांची दिशा चुकवतो. कातळशिल्पांवर चपला घालून उभे राहणे, रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा पीठ भरणे, हेही तसेच. देवराईत, पालखीच्या घरात, कोणाच्या आजीच्या चुलीपुढे कॅमेरा काढण्याआधी विचारा, आणि नको म्हटले तर फोन खिशात ठेवा. न टाकलेल्या अशा दोन-चार व्हिडिओंमुळे गाव तुम्हाला पुढची वीस वर्षे दार उघडते.

यंत्राने तयार केलेल्या आवाजात, यंत्राने काढलेल्या चित्रांवर मंदिरांच्या कथा सांगणारे व्हिडिओ आता ढिगांनी येत आहेत. जुलै 2025 मध्ये यूट्यूबने एकाच साच्यातून घाऊक काढलेल्या अशा मजकुराला ‘अस्सल नसलेला’ म्हणत तो कमाईस अपात्र असल्याचे स्पष्ट केले. या नियमाची अंमलबजावणी कशीही होवो, तुमच्यापुरता हिशेब साधा आहे. यंत्राने केलेल्या कोकणात पाऊस पडेल, कौले दिसतील, पण तुमच्या खाडीत यंदा तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, कमी का मिळाल्या हे त्याला सांगता येणार नाही. ते सांगायला तिथे गेलेला माणूस लागतो.

तुमच्या वाडीत रापण ओढलेले, भाजावळ केलेले, जुन्या भाताच्या जातींची नावे आठवणारे कोणी सत्तरी-ऐंशी ओलांडलेले माणूस असेल. येत्या पावसाळ्याआधी त्यांच्याकडे जा. फोन लगेच काढू नका, आधी दोन वेळा नुसते बसून ऐका. तिसऱ्या वेळी, त्यांनी हो म्हटले तर, सगळे रेकॉर्ड करा, आणि लोकांपुढे टाकण्याआधी ते त्यांना आणि वाडीतल्या चार जणांना दाखवा. त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करा. मग टाका.